नव्या घरावर पत्र्याचं छप्पर: मोजमापापासून पहिल्या पावसापर्यंत

भिंती उभ्या राहिल्या की घरमालकाचं डोकं फरशी, खिडक्या आणि किचनच्या ओट्याकडे वळतं. छप्पर मात्र ‘फॅब्रिकेटर बघेल’ म्हणून सोडून दिलं जातं. तो बघतोही, पण आधी गोदामात कुठला पाइप पडलाय ते बघतो. मुंबईत गोराई, मनोरी, मढ, वेसावे किंवा एखाद्या गावठाणात बैठं किंवा एकमजली घर बांधत असाल आणि वर उतरतं पत्र्याचं छप्पर घालायचं असेल, तर खालची माहिती फॅब्रिकेटरला फोन करण्याआधी वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम साडेचार-पाच किलो असतं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरलाय. त्या वेगाचा वारा चौरस मीटरला जवळजवळ १२० किलोचा जोर लावतो, आणि कमी उताराच्या छपरावर हा जोर बहुतेक ठिकाणी वरच्या दिशेने ओढतो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा रायगडात घरोघरची छपरं गेली ती या ओढीने. पुढच्याच वर्षी १७ मेला ‘तौक्ते’ बाजूने गेलं तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर होते. म्हणून इथे छपराला आधार देण्याइतकंच त्याला खाली बांधून ठेवणंही महत्त्वाचं.

हिशेब समजावा म्हणून पुढे सगळीकडे एकच घर धरलंय: २० फूट रुंद, ३० फूट लांब, दोन पाखी (दोन उतारांचं) छप्पर, आढं (दोन उतार वर जिथे भेटतात ती रेघ) लांबीच्या दिशेने.

१. पत्रा, कौल की स्लॅब

वर मजला चढवायची परवानगी आणि इच्छा दोन्ही असतील तर स्लॅबच घाला, पुढचं वाचायची गरज नाही. मंगलोरी कौल सुंदर दिसतं आणि घर थंड ठेवतं. पण त्याचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास जातं, उतार पंचवीस-तीस अंशांचा लागतो आणि दरवर्षी शाकारणी करणारा माणूस शोधावा लागतो. सिमेंटचे पत्रे स्वस्त मिळतात, पण ते ठिसूळ असतात आणि अॅस्बेस्टॉसवाले असतील तर कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. राहत्या घराला ते नकोच.

रंगीत पत्र्याला दहा अंशांचा उतारही चालतो. तरी मुंबईच्या तिरप्या पावसात बारा फुटांना चार फूट चढ ठेवा, म्हणजे साधारण अठरा अंश. पाणी झटकन उतरतं आणि सांध्यांत वर चढत नाही.

२. कागद आणि माणसं

छपराचा प्रकार आणि आढ्याची उंची मंजूर नकाशात दाखवलेली असायला हवी. नकाशात गच्ची आणि प्रत्यक्षात पत्र्याचं छप्पर, हा फरक पुढे नोटीस घेऊन येतो. हे हाताशी ठेवा:

- महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि काम सुरू करण्याचा दाखला
- मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा
- समुद्र किंवा खाडीलगत असाल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी
- स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं कैचीचं (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याचं) आणि बोल्टचं ड्रॉइंग
- फॅब्रिकेटरशी लेखी करार

करारात सर्वात जास्त फसगत दराच्या एककात होते. ‘सगळं मिळून चौरस फुटाला इतके’ हा दर ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात पाइपची जाडी, पत्र्याची जाडी आणि स्क्रूचा दर्जा तिन्ही लपतात. लोखंडी काम किलोवर ठरवा आणि वजनकाट्याची पावती मागा. पत्रा, स्क्रू, आढ्याची टोपी, पन्हळ यांचे दर वेगळे लिहून घ्या. किलोवर ठरलं की जाड पाइप वापरायला फॅब्रिकेटरची हरकत नसते, उलट तो ड्रॉइंगपेक्षा जड पाइप सुचवू लागतो. तेव्हाही ड्रॉइंगच प्रमाण.

३. कामाचा मुहूर्त

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो, पण वळीव मे महिन्यातच गाठतो. त्यामुळे २० मेपर्यंत पन्हळीसकट सगळं संपायला हवं. तिथून मागे मोजा: पत्रे आणि सांधे एक आठवडा, कैच्या आणि पर्लिन (कैच्यांवर आडवे बसणारे, पत्रा धरणारे पाइप) दोन आठवडे, बीम ओतल्यापासून त्यावर भार टाकेपर्यंत चार आठवडे. म्हणजे बीम उशिरात उशिरा मार्चच्या शेवटी ओतला गेला पाहिजे. मे महिन्यात फॅब्रिकेटर शोधायला निघालात तर जो मिळेल तो आणि तो म्हणेल तो दर.

४. बोल्ट बीममध्येच बसवा

छप्पर कुठे बिघडतं विचाराल तर पहिलं उत्तर हे. भिंतीच्या माथ्यावरून चहूबाजूंनी फिरणारा आरसीसी बीम हवा. नुसत्या विटांवर कैची ठेवून सिमेंटने चिणली तर वारा विटेसकट उचलतो.

आपल्या घराला साडेसात फुटांवर एक अशा पाच कैच्या लागतील. छप्पर दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढलं तर एका मधल्या कैचीच्या वाट्याला साडेसात गुणिले चोवीस, म्हणजे १८० चौरस फूट छप्पर येतं. वरच्या हिशेबाने पुऱ्या वादळात ते साधारण दोन टनांनी वर ओढलं जाईल. ही ओढ दोन टोकांच्या बोल्टांनी पेलायची आहे.

यासाठी प्रत्येक टोकाला १६ मिमीचे बोल्ट, खालचं टोक वाकवलेलं, बीमच्या सळ्यांत अडकवून किमान नऊ इंच आत. किती बोल्ट आणि प्लेट केवढी, ते इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरून घ्या. बोल्टांमधलं अंतर हलू नये म्हणून प्लायचा तुकडा भोकं पाडून साचा म्हणून वापरा आणि काँक्रीट ओतण्याआधी आटे चिकटपट्टीने गुंडाळा, नाहीतर सिमेंट भरून नट फिरतच नाही.

अडचण अशी की बीम गवंडी ओततो आणि बोल्टची जागा फॅब्रिकेटरला ठाऊक असते, आणि हे दोघे साइटवर एकत्र क्वचितच येतात. बीम ओतायच्या आदल्या दिवशी दोघांना समोरासमोर उभं करा. बोल्ट राहिलेच तर भोक पाडून केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) बसवता येतो; भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढली तरच तो धरतो. साधा ठोकायचा फास्टनर या कामाला चालवू नका.

५. कैच्या आणि पर्लिन

कैचीचे पाइप किती जाड हे इंजिनिअर सांगेल. तुम्ही बघायचं ते गंजाचं. समुद्राजवळ पातळ पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. शक्य असेल तर गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, आणि साधा असो वा गॅल्व्हनाइज्ड, प्रत्येक उघडं टोक टोपी वेल्ड करून बंद करा. ही टोपी ‘नंतर लावतो’ म्हणून हमखास राहते.

वेल्डिंगवरची खपली हातोडीने काढून, तारेच्या ब्रशने घासून मगच प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड खाऱ्या हवेत फार तग धरत नाही. इपॉक्सी झिंक प्रायमर आणि त्यावर दोन हात रंग द्या. पर्लिनची वरची बाजू पत्रा बसल्यावर कधीच रंगवता येत नाही, म्हणून ती आधी. टोकाच्या दोन कैच्यांच्या गाळ्यात फुलीसारखं तिरकं ब्रेसिंग लागतं. ते नसेल तर सगळ्या कैच्या पत्त्यांसारख्या एका बाजूला कलू शकतात.

आता पर्लिनचं गणित. भिंतीपासून आढ्यापर्यंत दहा फूट, वळचण दोन फूट, असं आडवं अंतर बारा फूट. चार फूट चढ धरून उताराची लांबी १२ फूट ८ इंच. प्रत्येक पाखीवर पाच पर्लिन, दोनांत साधारण तीन फूट. ६० बाय ४० मिमीचा चौकोनी पाइप या अंतराला पुरतो. समुद्रालगत जाडी २.९ मिमी मागा.

दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर काढल्यामुळे छपराची लांबी ३२ फूट. दहा ओळी म्हणजे ३२० फूट, पाइप येतो २० फुटी, मग १६ नग झाले, असा हिशेब कागदावर होतो आणि माल कमी पडतो. कारण जोड कैचीवरच यायला हवा, मध्ये हवेत नाही. एका ओळीत १६ अधिक १६, पुढच्या ओळीत साडेआठ, पंधरा, साडेआठ, असे आलटून पालटून तुकडे घाला, म्हणजे सगळे जोड एकाच कैचीवर पडत नाहीत. दोन्ही प्रकारांत ओळीला दोन पाइप लागतात. एकूण २० नग मागवा. उरलेले तुकडे ब्रेसिंगला जातात.

पत्रे मागवण्याआधी पाखीचे दोन्ही कर्ण मोजा. या घरात ते ३४ फूट ५ इंच यायला हवेत आणि एकमेकांशी जुळायला हवेत. दोन इंचांचा फरक असेल तर आत्ताच सुधारा, पत्र्याखाली तो लपत नाही.

६. पत्र्याची ऑर्डर

जाडी विचारली की दुकानदार ‘०.५०’ म्हणतो. पुढचा प्रश्न विचारा: मुलाम्यासकट की नुसतं पोलाद? मुलामा आणि रंग धरून ०.५० मिमी असेल तर आतलं पोलाद ०.४५ च्या आसपास असतं. हे चालतं, पण ०.५० च्या पैशात ०.४० येऊ नये म्हणून माल उतरवताना मायक्रोमीटरने तीन-चार पत्रे तपासा.

मुलामा जस्त-अॅल्युमिनियमचा घ्या, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. बाजारात याला ‘एझेड १५०’ म्हणतात. त्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम असतं आणि खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. बिलावर जाडी आणि मुलामा दोन्ही लिहून घ्या.

पत्र्याची पूर्ण रुंदी साधारण १०७० मिमी असते, पण एक लाट शेजारच्या पत्र्याखाली जात असल्याने झाकते ती १००० मिमी. ३२ फूट म्हणजे ९.७५ मीटर, म्हणून पाखीला दहा पत्रे, एकूण वीस. लांबी १२ फूट ९ इंच: उताराची लांबी, पन्हळीत दोन इंच पुढे, आढ्याला एक इंच मोकळा. पैसे मात्र पूर्ण रुंदीचे द्यावे लागतात, म्हणजे सुमारे ८९५ चौरस फुटांचे, आणि झाकलं जातं ८१० चौरस फूट. अंदाजपत्रकात हा फरक धरा.

उतारावर पत्रा सलग हवा. स्वस्तात मिळाले म्हणून आठ-आठ फुटांचे दोन तुकडे जोडले तर पाखीच्या मधोमध एक आडवा सांधा फुकट पदरात पडतो. फक्त गल्लीचं वळण आधी मोजा. गावठाणातल्या बोळातून पावणेतेरा फुटांचा पत्रा आडवा वळत नाही, आणि छोट्या हत्तीतून मागे लोंबकळत आणला तर कडा मुडपतात.

पत्र्याशिवाय लागणारं सामान:

- ५५ मिमी सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू, ईपीडीएम रबरी वायसरसकट: ४५०
- पत्रा पत्र्याला शिवायचे २० मिमीचे स्क्रू: सुमारे ३००
- आढ्याची टोपी, आठ फुटी: ५
- बाजूच्या कडेची पट्टी, आठ फुटी: ८
- लाटांच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या: आढ्याच्या दोन्ही बाजूंना पुरतील इतक्या
- पन्हळ ६४ फूट, ब्रॅकेट ३४, ११० मिमीचे डाऊनटेक (पाणी खाली नेणारे) पाइप ४

स्क्रूवर काटकसर करू नका. पत्र्याआधी स्क्रूच गंजतो आणि गळती त्याच्या भोकातून सुरू होते.

७. उष्णता आणि आवाज

हा निर्णय पत्रे चढण्याआधीचा. उघड्या पत्र्याखाली एप्रिलची दुपार भट्टी असते आणि जुलैच्या रात्री शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पर्लिनवर जाळी ताणून त्यावर ५० मिमीची फॉइल लावलेली ग्लासवूल अंथरली, तर दोन्ही बरंच कमी होतं. बजेट असेल तर दोन पत्र्यांमध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेलं पॅनल घ्या. त्याचे स्क्रू, टोप्या आणि पन्हळीची मापं वेगळी असतात, म्हणून मध्येच मत बदलू नका. त्रिकोणी भिंतींत आढ्याखाली जाळीची झडप ठेवली की गरम हवा बाहेर पडते. तिला बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात कबुतरं मुक्कामाला येतात.

८. पत्रे चढवणं

मुंबईत पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला लावा आणि पश्चिमेकडे सरका. नंतरचा पत्रा आधीच्यावर चढतो, त्यामुळे सांध्याचं तोंड पूर्वेला राहतं आणि वाऱ्याचं पाणी आत घुसत नाही. उलट सुरू केलं तर प्रत्येक सांधा पावसाकडे तोंड करून बसतो. आढं उत्तर-दक्षिण असेल तर उत्तरेच्या टोकापासून सुरू करा.

वळचणीला दोरी ताणून पहिला पत्रा काटकोनात बसवा. तो एक इंच चुकला तर दहाव्यापर्यंत करवत दिसते. स्क्रू लाटेच्या माथ्यावर, सरळ उभा. प्रत्येक पर्लिनवर प्रत्येक लाटेला एक. मधल्या पर्लिनवर एक सोडून एक मारायची पद्धत आहे, पण मुंबईत ती काटकसर महागात पडते. निदान वळचण, आढं आणि दोन्ही कडांना तरी एकही लाट सोडू देऊ नका; वारा तिथूनच नख घालतो. पत्र्याच्या शेजारच्या सांध्यांवर दीड-दीड फुटावर छोटे स्क्रू.

किती आवळायचं? रबर थोडं दबून वायसरच्या कडेला जेमतेम दिसेल इतकंच. रबर चिरडून बाहेर आलं किंवा लाट बसली तर तिथे पाण्याचं डबकं होणार. कारागीर इम्पॅक्ट मशीनने धडाधड मारत असेल तर थांबवा आणि क्लच असलेला स्क्रूड्रायव्हर वापरायला लावा. चुकलेलं भोक सिलिकॉनने बुजवून पुढे जाऊ देऊ नका, त्यात जाड स्क्रू मोठ्या वायसरसकट बसवा.

ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका. ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि ती कड पहिल्या पावसाळ्यातच लाल होते. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडून कापणारं यंत्र) वापरायला सांगा. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी चुरा रोज संध्याकाळी मऊ झाडूने काढा. रात्रीच्या दवाने तो गंजून पत्र्यावर डाग सोडतो. अर्धवट अडकवलेला पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, मग सहा वाजून गेले तरी चालेल.

माणसांना हार्नेस हवाच. चालायचं ते स्क्रूच्या ओळीवरून, कारण तिथे खाली पर्लिन असतो. उजेडासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा लावला असेल तर त्यावर पाय पडणार नाही अशी खूण करा. जवळून विजेच्या तारा जात असतील तर काम सुरू करण्याआधी वीज कंपनीला कळवा. वाऱ्यात हातातला लांब पत्रा कुठे वळेल सांगता येत नाही.

९. आढं आणि भिंतीचे सांधे

आढ्याच्या टोपीखाली फोमच्या पट्ट्या बसल्यात का, हे स्वतः शिडी चढून बघा. खालून दिसत नाही म्हणून त्या वगळल्या जातात आणि तिरपा पाऊस लाटांतून आत शिंपडतो. टोपीचा टोपीवर चढ सहा इंच, आणि त्याचीही दिशा वाऱ्याकडे पाठ करून.

छप्पर जिथे उंच भिंतीला भिडतं तिथे गवंडी सवयीने सिमेंटचा वाटा (कोपऱ्यात तिरका गिलावा) मारतो. पत्रा उन्हात पसरतो, रात्री आकसतो, वाट्याला महिन्याभरात चीर पडते. शिवाय ओल्या सिमेंटचा क्षार अॅल्युमिनियमचा मुलामा खातो. तिथे पत्र्याची फ्लॅशिंग (सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी) लावा: भिंतीवर सहा इंच चढवलेली, वरची कड भिंतीत एक इंच खाच पाडून आत घातलेली, खाच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरलेली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर वापरू नका, त्यातलं आम्ल गंज आणतं.

पाण्याची टाकी पत्र्यावर नको, तिला स्वतःचा स्टँड. सोलर पॅनल लावायचा विचार असेल तर इंजिनिअरला बीमच्या वेळीच सांगा.

१०. पन्हळ

एका पाखीखाली जमिनीवरचं क्षेत्र ३८४ चौरस फूट. तासाला १०० मिमी पाऊस पडला तर त्या पन्हळीत मिनिटाला साठ लिटर पाणी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला होता. त्या दिवशी या छोट्याशा छपरावरून दहा हजार लिटरचे पावणेसात टँकर वाहिले असते.

म्हणून सहा इंच रुंद, पाच इंच खोल पन्हळ आणि प्रत्येक पाखीला दोन डाऊनटेक, दोन टोकांना. एकच पाइप पाण्याला पुरेलही, पण बदामाचं एक पान आडवं बसलं की पुरणार नाही. मधून दोन्हीकडे सोळा फुटांना एक इंच उतार द्या. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. तुंबली तरी पाणी अंगणात पडेल, भिंतीत शिरणार नाही. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर. पाणी तुमच्याच हद्दीत पडून पावसाळी गटारात जायला हवं. शेजाऱ्याच्या अंगणात पागोळ्या पडल्या की पावसाआधी भांडण येतं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पाइप सोडणं तर अजिबात नको, जोरात पाऊस आला की तेच पाणी संडासातून घरात येतं.

११. नळीने पाऊस पाडून बघा

फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, असं करारातच लिहा. नळी घेऊन वळचणीपासून सुरू करा आणि हळूहळू आढ्याकडे चढा, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून वाहतं आणि गळतीची जागा सापडत नाही. एक माणूस आत बॅटरी घेऊन. ठिबक दिसली तर डागाच्या बरोबर वर शोधू नका. पाणी पर्लिनवरून दोन-तीन फूट चालत येतं, म्हणून चढाच्या बाजूचे स्क्रू आधी तपासा. पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि ते दोन्ही टोकांना जातंय का पाहा.

पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, सगळे स्क्रू एकदा तपासून घ्या, उन्हापावसाने काही सैल होतात. नंतर दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात पन्हळ साफ करा, वायसर तडकलेले स्क्रू बदला आणि ओरखड्यांना रंगाचा हात द्या.